नागपूरकरांसाठी: सार्वजनिक प्रसारकांचे कार्यक्रम फोनमध्ये रीतसर कसे उतरवून घ्यायचे

रेडिओवरचा चांगला कार्यक्रम चुकला की चुकला, ते दिवस गेले. जगातले बरेच सार्वजनिक प्रसारक आपले कार्यक्रम इंटरनेटवर नुसते ऐकवत नाहीत, त्यांची फाइलच घेऊ देतात, आणि त्यासाठी एक पैसा मागत नाहीत. तरीही नागपुरात ज्यांच्याशी या विषयावर बोलावं, त्यातल्या बहुतेकांना याचा पत्ता नसतो. ज्यांना असतो, तेही ‘यूट्यूबवर असतंच की सगळं’ म्हणून विषय सोडून देतात. फोन सफाईने वापरणारे, पण फाइल, फोल्डर, फीड असे शब्द आले की हात आखडणारे जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एकदा बसून केलं की पुढे सोपं आहे.

आधी एक फरक पक्का करू. ॲपवर रेडिओ लावला की आवाज इंटरनेटवरून येतो आणि वाजून जातो. फोनमध्ये काही उरत नाही. दुसऱ्यांदा ऐकायचं तर पुन्हा डेटा, पुन्हा रेंज, आणि ती लिंक तोवर जिवंत असायला हवी. डाउनलोड केलं की फाइल तुमच्या ताब्यात येते. मग परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना रेंज गेली, पेंचच्या जंगलात रेंजची एकही काडी उरली नाही, किंवा गाडी कुठल्यातरी सिग्नलला तासभर अडकली, तरी कार्यक्रम थांबत नाही.

रेंज आणि डेटा ही कारणं सगळ्यांनाच पटतात. मला मात्र लिंकचं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. वेबसाइटी बदलतात, ॲप बंद पडतात. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं. बीबीसी साउंड्स २०२५ च्या जुलैत ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांसाठी बंद झालं. त्यांच्यावर विसंबलेल्या लोकांना दुसरीकडे जाऊन आपली यादी नव्याने जमवावी लागली. ज्यांच्या डिस्कवर फाइली होत्या, त्यांचं काहीच अडलं नाही.

हे फुकट का देतात?

सार्वजनिक प्रसारक म्हणजे ज्याचा खर्च मुख्यतः जनता उचलते तो. ब्रिटनमध्ये टीव्ही बघणारी घरं बीबीसीसाठी लायसन्स फी भरतात. जपानमध्ये एनएचकेची वेगळी फी असते. जर्मनीची डॉइचे वेले ही संस्था सरकारी तिजोरीतून, म्हणजे करांच्या पैशावर चालते. आपल्याकडे प्रसार भारती आहे. तिचा कायदा १९९० चा, पण ती प्रत्यक्षात आली २३ नोव्हेंबर १९९७ ला, आणि आकाशवाणी व दूरदर्शन तिच्याखाली आले. रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरायचे दिवस आपल्याकडेही होते, घरातल्या जुन्या माणसांना विचारा. पैसा लोकांचा, म्हणून झालेला कार्यक्रम लोकांच्या हाती परत गेला पाहिजे, ही या सगळ्यामागची भूमिका आहे. मला ती मनापासून पटते.

बीबीसीने २००४ च्या नोव्हेंबरात ‘इन अवर टाइम’ या चर्चेच्या कार्यक्रमाची एमपीथ्री फाइल घेऊ द्यायला सुरुवात केली, तेव्हा तो एक प्रयोग होता. पुढच्याच वर्षी, जून २००५ मध्ये, बीबीसीच्या रेडिओ ३ ने आपल्याच वाद्यवृंदाने वाजवलेल्या बीथोव्हनच्या नऊच्या नऊ सिंफनी मोफत ठेवल्या. सुमारे १४ लाख वेळा त्या उतरवून घेतल्या गेल्या. लोक खूश झाले, पण संगीताच्या कंपन्यांनी तक्रार केली की असं फुकट वाटलं तर आमच्या सीडी कोण घेणार. त्यानंतर बीबीसीने संगीताच्या बाबतीत हात आखडता घेतला. नॉर्वेच्या एनआरकेने वेगळी वाट धरली. २००९ मध्ये त्यांनी बर्गन ते ओस्लो हा रेल्वेप्रवास अख्खाच्या अख्खा, सव्वासात तासांच्या आसपास, टीव्हीवर दाखवला आणि त्याचं चित्रीकरण क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटी पाळून कोणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली, लोकांना उतरवून घ्यायला खुलं केलं. ज्याला हवं त्याने घ्यावं आणि कापून-जोडून स्वतःचं काही करावं.

हा इतिहास सांगायचं कारण असं, की काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे त्यातून कळतं. बोललेलं मिळतं: बातम्या, व्याख्यानं, चर्चा, भाषेचे धडे, विज्ञान, शेती. गाणं सहसा मिळत नाही, कारण त्याचे हक्क प्रसारकाकडे नसतात. विविध भारतीवर रोज जुनी गाणी लागतात, पण ती वाजवायचा हक्क वेगळा आणि वाटायचा हक्क वेगळा. म्हणून गाण्यांचे कार्यक्रम डाउनलोडला शोधण्यात वेळ घालवू नका. तसंच बीबीसीचा आयप्लेअर, म्हणजे टीव्हीचे कार्यक्रम, ब्रिटनमधल्या लोकांपुरता आहे. ते दार आपल्यासाठी नाही, ते सोडून द्या. रेडिओचंच इतकं आहे की आयुष्य पुरणार नाही.

पहिली पायरी: ॲप घ्या

अँड्रॉइड फोन असेल तर प्ले स्टोअरवरून अँटेनापॉड घ्या. ते मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, फोन नंबर मागत नाही. स्वयंसेवक मिळून ते बनवतात आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. याच कामाची इतरही ॲप आहेत, त्यातली काही चांगली आहेत, पण नवख्या माणसाला मी हेच सुचवतो, कारण त्यात तुम्हाला काही विकायला कोणी बसलेलं नाही. आयफोन असेल तर ॲपलचं पॉडकास्ट्स ॲप फोनमध्ये आधीच असतं, त्यावर सुरुवात करा. त्यात एक अडचण आहे: फाइल ॲपच्या आतच राहते, बाहेर काढून पेन ड्राइव्हवर टाकता येत नाही.

दुसरी पायरी: कार्यक्रम शोधा आणि वर्गणीदार व्हा

ॲपमध्ये ‘पॉडकास्ट जोडा’ अशा अर्थाचं बटण आहे. पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून भागाभागाने मिळणारा ऑडिओ कार्यक्रम. तिथे शोधायच्या चौकटीत कार्यक्रमाचं नाव आणि सोबत प्रसारकाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाका. बरेच निकाल येतील. निकालावर बोट ठेवण्याआधी नावाखालची बारीक अक्षरातली ओळ वाचा, तिथे प्रकाशकाचं नाव असतं. बीबीसीच्या कार्यक्रमाखाली बीबीसीच असायला हवं. दुसऱ्याच कोणाचं नाव असेल तर कोणीतरी कार्यक्रम उचलून आपल्या नावाने टाकलेला असतो, तो घेऊ नका.

योग्य तो निकाल उघडून ‘सबस्क्राइब’ दाबा. यात पैसे लागत नाहीत. या मागे जी सोय काम करते तिला आरएसएस फीड म्हणतात. फीड म्हणजे दुधाचा रतीब समजा: एकदा लावला की नवा भाग आला की आपोआप दाराशी येतो, आणि बंद करायचा तर कोणाला विचारावं लागत नाही. फीड ही खरं तर प्रसारकाच्या सर्व्हरवर ठेवलेली साधी यादी असते. प्रत्येक भागाचं नाव, तारीख, थोडी माहिती आणि एमपीथ्री फाइलचा पत्ता एवढंच त्यात असतं. ॲप अधूनमधून ती यादी बघून येतं. म्हणूनच एकाच कार्यक्रमाची फीड कुठल्याही ॲपमध्ये चालते. उद्या अँटेनापॉड सोडून दुसरं ॲप घेतलंत तरी तुमच्या याद्या सोबत नेता येतात. त्यासाठी सेटिंगमध्ये ओपीएमएल एक्स्पोर्ट नावाची सोय आहे. तिने एक छोटी फाइल तयार होते, ती स्वतःला ईमेल करून ठेवा.

कधी नाव शोधूनही सापडत नाही, पण प्रसारकाच्या पानावर आरएसएस असं लिहिलेलं दिसतं. तेव्हा तो पत्ता दाबून धरून कॉपी करा आणि ॲपमध्ये ‘आरएसएस पत्त्याने जोडा’ या ठिकाणी चिकटवा.

तिसरी पायरी: एकच भाग उतरवा आणि परीक्षा घ्या

कार्यक्रम जोडला की भागांची लांबच लांब यादी दिसते. सगळं एकदम ओढून घ्यायचा मोह होतो. थांबा. एक भाग निवडा, त्याच्यासमोरचा खाली जाणारा बाण दाबा. गोल फिरत पूर्ण झाला की बाणाच्या जागी वाजवायचं चिन्ह येतं. आता फोन विमान मोडवर टाका आणि तो भाग वाजवा. वाजला तर फाइल खरोखर तुमच्याकडे आहे. नाही वाजला तर तुम्ही डाउनलोडऐवजी थेट ऐकायचं बटण दाबलं असणार. ही परीक्षा प्रत्येक नव्या ॲपवर घ्यावी, कारण बटणांची चित्रं फसवी असतात.

चौथी पायरी: सेटिंग लावा

इथे थोडा वेळ द्या, पुढचे त्रास वाचतील.

मोबाइल डेटावर डाउनलोड बंद, फक्त वायफायवर चालू, हे आधी बघा. घरी वायफाय नसेल आणि दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असेल, तर रात्री अकराच्या सुमाराला उरलेल्या डेटावर भाग उतरवून घ्या. बारा वाजता तो डेटा तसाही वाया जाणार असतो. फक्त त्या वेळेपुरती मोबाइल डेटाची परवानगी द्यायची आणि मग बंद करायची.

किती जागा लागते याचा अंदाज येण्यासाठी साधा हिशेब: १२८ केबीपीएस दर्जाची (हा आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला आणि फाइल मोठी) एमपीथ्री तासाला ५८ एमबीच्या आसपास जाते, ६४ केबीपीएसची तासाला २९ एमबी. म्हणजे एका जीबीत चांगल्या दर्जाचे सतरा तास मावतात. बोलण्यासाठी ६४ सुद्धा पुरे होतं. व्हिडिओच्या मानाने हे काहीच नाही.

आपोआप डाउनलोड ही सोय सुरुवातीला बंदच ठेवा. बातम्यांसारख्या रोजच्या कार्यक्रमालाच ती लावावी, आणि तिथे किती भाग ठेवायचे याची मर्यादाही घालावी. नाहीतर महिन्याभरात फोन भरतो आणि लोक वैतागून ॲपच काढून टाकतात. ‘ऐकून झाल्यावर पुसून टाका’ हा पर्याय बातम्यांना चालू ठेवा, व्याख्यानांना बंद.

आणि एक खास आपल्या उन्हाळ्यासाठी. एप्रिल-मेमध्ये डेझर्ट कूलरच्या घरघरीत फोनचा आवाज ऐकूच येत नाही. अँटेनापॉडमध्ये प्रत्येक कार्यक्रमाच्या सेटिंगमध्ये आवाज थोडा वाढवून घ्यायची वेगळी सोय आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांना ती लावाच, त्यांचा आवाज मुळातच बारीक असतो.

काय ऐकावं

आवडी वेगळ्या असतात, म्हणून मी यादी देत बसत नाही. पण नवख्या माणसाला सुरुवात कुठून करावी हे सांगायलाच हवं.

इंग्रजी सुधारायचं असेल तर बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’. दोन माणसं एका विषयावर सावकाश, स्पष्ट बोलतात, आणि ऑडिओसोबत बोललेलं सगळं लिहिलेला कागदही पीडीएफमध्ये घेता येतो. आधी कागद न बघता ऐका, मग कागद समोर ठेवून ऐका, मग पुन्हा कागदाशिवाय. दहावी-बारावीच्या मुलांना यासारखी मोफत सोय दुसरी क्वचितच सापडेल.

जर्मन शिकणाऱ्यांना डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ठाऊक असायलाच हव्यात. खऱ्या बातम्या, पण प्रत्येक शब्द सुटा करून वाचलेल्या, सोबत मजकूर आणि एमपीथ्री. अगदी पहिल्या दिवसापासून शिकायचं तर त्यांचा ‘निकोस वेग’ हा व्हिडिओ अभ्यासक्रम आहे. क्लास लावलेला असला तरी कानाला सराव हवाच असतो, आणि तो क्लासच्या तासात होत नाही. जपानीसाठी एनएचके वर्ल्डचे सोपे धडे आहेत. ते हिंदीतूनही आहेत, ऑडिओ आणि पुस्तिका दोन्ही घेता येतात. इंग्रजीतून तिसरी भाषा शिकताना जे अडखळतात त्यांनी हिंदीतून सुरू करावं.

मराठीतून ऐकायचं तर बीबीसी मराठीचे ‘सोपी गोष्ट’ आणि ‘गोष्ट दुनियेची’ हे पॉडकास्ट आहेत. पहिल्यात चर्चेतला एखादा विषय थोडक्यात उलगडतात, दुसरा जगभरातल्या प्रश्नांच्या खोलात जातो.

आणि ज्यांना सखोल ऐकायची भूक आहे त्यांनी बीबीसीच्या रीथ व्याख्यानांचा संग्रह उघडावा. १९४८ मध्ये बर्ट्रांड रसेल यांच्यापासून ही माला सुरू झाली आणि जुनी व्याख्यानंही फीडमधून मिळतात. ‘इन अवर टाइम’मध्ये तर हजाराच्या वर भाग आहेत. मेल्व्हिन ब्रॅग यांनी १९९८ पासून २०२५ पर्यंत तो चालवला. एक विषय, तीन अभ्यासक, पाऊण तास. इंग्रजी थोडं जड आहे. वेग कमी करून ऐका, ॲपमध्ये तशी सोय आहे.

आपली आकाशवाणी

इथे मला थोडं मोकळं बोलायचं आहे. रीथ व्याख्यानं ज्या वर्षी सुरू झाली त्याच वर्षी, १६ जुलै १९४८ ला, आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं. तेव्हा आपण मध्यप्रांतात होतो. मीडियम वेव्हवरचं ५८५ किलोहर्ट्झ आणि एफएमवरची १००.६ ची विविध भारती, हे आकडे अनेक घरांत रेडिओच्या काट्याने पाठ केलेले आहेत. इतक्या वर्षांत या केंद्राने शेतकऱ्यांसाठी, कामगारांसाठी, लेखक-कलावंतांसोबत किती काय केलं असेल! त्यातलं सामान्य श्रोत्याला रीतसर उतरवून घेता येईल असं फार थोडं आहे. मला याचं वाईट वाटतं, म्हणून जे आहे ते नीट सांगतो.

थेट ऐकण्यासाठी प्रसार भारतीचं न्यूजऑनएआयआर हे ॲप आहे. देशभरातली दोनशेहून अधिक आकाशवाणी केंद्रं त्यावर लागतात, नागपूरही. यादीत महाराष्ट्र निवडा आणि खाली जा. २०१६ पासून सुरू झालेली शास्त्रीय संगीताची ‘रागम्’ वाहिनीही त्यावर आहे. हे सगळं थेट ऐकण्यापुरतं. प्ले स्टोअरवर रेडिओच्या नावाची असंख्य नकली ॲप जाहिरातींनी भरलेली असतात, त्यामुळे ॲपच्या नावाखाली प्रसार भारती असं लिहिलेलं आहे ना, ते बघूनच घ्या.

फाइल हवी असेल तर ॲप सोडून याच नावाच्या वेबसाइटवर जा, जिचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. तिथे प्रादेशिक बातमीपत्रं ऑडिओ आणि मजकूर अशा दोन्ही रूपांत ठेवलेली असतात. भाषा आणि तारीख निवडा. क्रोममध्ये ऑडिओच्या पट्टीच्या उजव्या टोकाला तीन टिंबं दिसली तर ती दाबून डाउनलोड करता येतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी हे करावंच. दहा मिनिटांत दिवसभराच्या बातम्या मराठीत, आरडाओरडा नाही, पार्श्वसंगीत नाही.

दूरदर्शनसाठी दोन ठिकाणं आहेत. एक म्हणजे वेव्हज, प्रसार भारतीचं ॲप, जे २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. त्यात जुन्या मालिका आणि थेट वाहिन्या आहेत. दुसरं म्हणजे सह्याद्री वाहिनीचं आणि प्रसार भारती अर्काइव्ह्जचं यूट्यूब. यूट्यूबवर फक्त ॲपमधलंच डाउनलोडचं बटण वापरा. बाहेरच्या ‘डाउनलोडर’ साइटी यूट्यूबच्या अटींच्या विरुद्ध आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच फोनमध्ये नको ते घुसवतात.

जे कुठेच ठेवलेलं नाही ते स्वतः ध्वनिमुद्रित करता येतं. ज्या फोनमध्ये अंगचा एफएम आहे त्यात तारेचे इअरफोन लावा, तेच अँटेना असतात. विविध भारती लावा आणि लाल गोल बटण दाबा. मीडियम वेव्हचं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर रेडिओ खिडकीजवळ ठेवा आणि तेवढा वेळ कूलर, एलईडी दिवे बंद ठेवा. त्यांची खरखर फाइलमध्ये कायमची बसते.

फोन न वापरणाऱ्यांसाठी पेन ड्राइव्ह

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ॲप शिकवत बसू नका. बुर्डीच्या दुकानांत यूएसबीची खाच असलेले छोटे स्पीकर मिळतात, आईसाठी मी तसाच एक लावून दिला आहे. पेन ड्राइव्ह भरायची पद्धत मात्र नीट पाळावी लागते.

पेन ड्राइव्ह ३२ जीबीचीच घ्या, मोठी नको. हे स्पीकर सहसा एफएटी-३२ (ड्राइव्हवर फाइली मांडायची एक जुनी पद्धत) पद्धतीने फॉरमॅट केलेलीच ओळखतात, आणि विंडोज ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला तो पर्याय सहसा दाखवत नाही. तेवढीतही १२८ केबीपीएसचे साडेपाचशे तासांच्या आसपास मावतात. फाइली फक्त एमपीथ्री असू द्या. फोनच्या एफएमवरून केलेलं ध्वनिमुद्रण दुसऱ्या स्वरूपात असतं, ते आधी संगणकावर व्हीएलसी या मोफत प्रोग्राममध्ये एमपीथ्री करून घ्या.

फाइली फोनमधून काढण्यासाठी अँटेनापॉडमध्ये भाग उघडून शेअरच्या यादीत फाइल असा पर्याय निवडा. जास्त भाग असतील तर सरळ संगणकावर जीपॉडर हा मोफत प्रोग्राम टाका. तो फीड घेतो आणि प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा फोल्डर करून फाइली ठेवतो. त्यांची नावं बदला: साधी इंग्रजी अक्षरं, सुरुवातीला ०१, ०२, ०३ असे इंग्रजी आकडे. नुसता १ लिहिला तर त्याच्यामागून १० वाजतो आणि २ मागे पडतो. मग एकेक करून, क्रमाने पेन ड्राइव्हवर टाका. काही स्पीकर नाव बघत नाहीत, ज्या क्रमाने फाइल आली त्याच क्रमाने वाजवतात. भाग पंधरा ते तीस मिनिटांचे निवडा, कारण वीज गेली की बरेचसे स्पीकर आपण कुठवर आलो ते विसरतात. शेवटी संगणकावर ‘इजेक्ट’ करूनच ड्राइव्ह काढा.

पेन ड्राइव्ह ही ऐकायची प्रत आहे, जपायची नाही. मूळ फाइली संगणकावर किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर राहू द्या, प्रसारकाच्या नावाचा फोल्डर, त्यात कार्यक्रमाचा, आणि फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस.

वाटायचं का?

उतरवून घ्यायला मोफत म्हणजे वाटायला मोफत असं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारकाला त्याच्या प्रसारणावर २५ वर्षांचा हक्क आहे. त्याच कायद्याचं कलम ३९ सांगतं की स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेलं ध्वनिमुद्रण या हक्काचा भंग करत नाही. म्हणजे घरी ऐका, शिक्षक असाल तर वर्गात ऐकवा. आपल्या चॅनेलवर चढवणं, किंवा पेन ड्राइव्ह भरून विकणं, हे त्यात बसत नाही. मित्राला कार्यक्रम आवडेल असं वाटलं तर फाइलऐवजी फीडचं नाव पाठवा. प्रसारकाकडे ऐकणाऱ्यांची नोंद होते, आणि कार्यक्रम चालू ठेवायचा की नाही हे ठरवताना त्या नोंदीचा उपयोग होऊ शकतो. क्रिएटिव्ह कॉमन्स असं लिहिलेलं असेल तर मात्र वाटता येतं, त्या परवान्यातल्या अटी पाळून.

केंद्राला पत्र लिहा

शेवटचं काम सगळ्यांनी करावं असं आहे. नागपूर केंद्राकडून एखादा कार्यक्रम फाइल म्हणून मिळावा असं वाटत असेल तर तसं कळवा. सिव्हिल लाइन्समधलं आकाशवाणीचं आवार सगळ्यांना माहीत आहे, त्याच्याच नावाने चौक आहे. फर्माइशीची पत्रं पाठवायची सवय या शहराला जुनी आहे. पत्र केंद्रप्रमुखांच्या नावे, एका पानाचं. त्यात कार्यक्रमाचं नाव, प्रसारणाची तारीख आणि वेळ, कोण बोललं, आणि तो का हवा आहे हे लिहा. ‘जुने कार्यक्रम द्या’ असं मोघम लिहिलं तर कोणी काही करू शकत नाही. ‘अमुक तारखेची संत्र्यावरच्या रोगाची मुलाखत आमच्या गटातल्या शेतकऱ्यांना पुन्हा ऐकायची आहे, ती वेबसाइटवर ठेवावी’ असं लिहिलं तर संबंधित अधिकाऱ्याला शोधता येतं. गाण्याचा भाग मागू नका, बोललेलाच मागा. पत्राची एक प्रत प्रसार भारतीला ईमेलनेही पाठवा, आणि उत्तर आलं नाही तर महिन्याभराने त्याच पत्राचा हवाला देऊन दुसरं लिहा.